सहा मीटर

निसारभाईंनी खडूनं टपाभोवती रेघ मारली
आणि विचारलं, कापू?

वडाळा नाक्याची शेड, सकाळचे साडेदहा,
चहाचे ग्लास जुन्या बॅटरीवर,
भाऊंची टाटा इस्टेट विटांवर उभी,
चाकं काढल्यामुळे बुटकी,
शिंप्यासमोर हात पसरून थांबलेल्या म्हाताऱ्यासारखी.

मी म्हटलं, थांबा.
मग म्हटलं, कापा.

ब्याण्णव सालचा निळा रंग आधी उडाला,
त्याखालचा लाल प्रायमर,
त्याखाली पत्रा, नवाकोरा,
इतकी वर्षं कुणी न पाहिलेला.
असा जाड पत्रा आता मिळत नाही ताई,
निसारभाई म्हणाले
आणि म्हणता म्हणता कापतच राहिले.

मागची सीट उचकटली. तिच्या पोटात
एक पावली,
तीन बेदाणे, दगड झालेले,
एक हेअरपिन, माझी किंवा आईची,
आणि चष्म्याचे स्क्रू, कणीएवढे, सत्तावीस.
भाऊंच्याच खिशातून गळलेले.
दुकानात मात्र आमच्यावर ओरडायचे,
स्क्रू खाता काय रे कार्ट्यांनो.

पेठहून, हरसूलहून माणसं एसटीनं येतात,
डोळे तपासून, फ्रेम निवडून जातात,
चष्मा न्यायला येत नाहीत.
दुसऱ्यांदा भाडं कोण घालणार.
दुकानाच्या ड्रॉवरमध्ये एकशे बारा चष्मे तयार आहेत,
पाकिटांवर भाऊंचं तिरकं अक्षर:
खंडू भोये. जिजा गावित. तुळशीची आई, वाडीचं नाव विचारायचं राहिलं.
म्हणून ही गाडी.

अडचण अंतराची.
तक्ता सहा मीटरवर लागतो. गाडी सव्वाचार, नाकापासून शेपटीपर्यंत.
निसारभाईंनी टेप लावला,
पुसून पुन्हा लावला,
जणू धुळीनंच लांबी खाल्ली होती.
बोनेटपण उडवू का, फैजान म्हणाला,
वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून.
अरे इंजिन तुझ्या मांडीवर ठेवू काय, बाप म्हणाला.

मग मला दुकान आठवलं. दहा फुटी दुकान.
तिथं आरसा होता.
माणूस मागच्या दाराशी स्टुलावर,
तक्ता त्याच्या डोक्यामागे, उलट्या अक्षरांचा,
आरसा पुढे, डॅशबोर्डाच्या अंगाला.
नजर जाते, धडकते, परत फिरते.
तीन गेले, तीन आले.
फैजान स्टुलावर बसला, उठला, मागे वळून पाहिलं,
पुन्हा बसला.

पेठ रोडला आरटीओचे साहेब म्हणाले,
बॉडीचा प्रकार काय लिहू?
मी सांगितलं.
हे कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणाले.
बाहेर आले, गाडीभोवती दोन चकरा,
नव्या उंच टपाच्या शिवणीवर बोट फिरवलं,
आत वाकून शिरले, स्टुलावर टेकले,
आणि कुणी न सांगता वाचू लागले:
ग. म. ल.
र, व, ट.
पाचव्या ओळीवर घसा खाकरला.
प आहे का ष?
मी काही बोलले नाही.
फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे.
मंगळवारी या, म्हणाले,
आणि हळूच, येताना ती नंबर काढायची पेटी आणा.

कापलेल्या टपाचं काय करायचं, मी विचारलंच नव्हतं.
फैजाननं त्याचा तुकडा अँगलवर ठोकून
मागच्या दाराला पायरी केली,
गुडघे धरून चढणाऱ्यांसाठी.
निळा रंग तसाच ठेवला.

त्या पायरीवर पहिल्यांदा आई चढली.
चढण्याआधी थांबली,
चपला काढल्या,
एक हात फैजानच्या खांद्यावर.
आत बसून इकडेतिकडे पाहिलं,
पंखा लाव म्हणाली, उकडतंय.

तिचा नंबर मात्र इथं काढता येणार नाही.
आरशाकडे न बघताच ती घडाघडा म्हणते
वरून खालपर्यंत, बारीकातली बारीक ओळसुद्धा.
एकतीस वर्षं दुकानात बसलेली,
तिला अख्खा तक्ता पाठ आहे.