बारा सत्तावीस

मे महिन्यात शाळा माझी एकट्याची असते.
चोवीस कुलपं, किल्ल्यांचा एक जुडगा, आणि
अमळनेरकडचं ऊन, जे कुठलंच कुलूप मानत नाही.

सव्वीस तारखेला अकराच्या सुमारास
बडगुजरांची जागृती फाटकात उभी.
आईचा स्कार्फ डोळ्यांपर्यंत,
एका हातात लोखंडी नळाचा तुकडा, दुसऱ्यात
गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा.
"आबा, पटांगण पाहिजे. दोन तास."
म्हटलं, येड लागनं का तुले, पोरी?
म्हणाली, हां.

नववीची आहे. पण तिची नववी
वर्गात कमी भरते, बाहेर जास्त.
दिवाळीच्या सुटीत माझ्या भावाच्या विहिरीत
तिनं दगड टाकला, मोबाईलवर सेकंद मोजले: दोन.
वहीत खरडलं. "त्रेचाळीस हात."
मग स्वतःच अडली.
"पण आवाजालाही वर चढायला वेळ लागला असेल ना?
तो दगडाच्या नावावर नको."
पुन्हा खरडलं. एक्केचाळीसला जरासं कमी.
ती विहीर खोदलेला सुकलालबाबा लिंबाखाली पडलेला,
डोळे न उघडता बोलला, "एक्केचाळीसच शेतस."
त्या दिवशी ती घरी चालत गेली नाही, पळत गेली.

गणिताचे सर म्हणाले होते, हे परीक्षेला नाही.
बरं सर, म्हणाली,
आणि असं हसली की जणू त्यांनी सुटीच दिली.

आधी तिला झेंड्याचा खांब हवा होता.
ओळंबा सोडून पाहिला, मान हलवली.
"हा कललाय, आबा. दोन अंश तरी."
बावीस वर्षं मी त्याची दोरी ओढतोय.
सारं गाव त्याच्यापुढे ताठ उभं राहतं,
आणि हा बोरी नदीकडे झुकलेला!
कुणाला सांगू नकोस, म्हटलं.
"सांगितलं तरी कोण ऐकतंय?"

मग तीन दगडांवर नळ, भोवती चिखल,
फरशीवर खडूच्या खुणा, दर पाच मिनिटांनी एक.
मी छत्री धरायला गेलो तर ओरडली,
"लांब! तुमची सावली मोजणीत येतेय."

बारा वाजले. मी घड्याळ दाखवलं.
नळाची सावली अजून होती, बोटभर, मावळतीकडे.
"हे घड्याळ आपलं नाही, आबा.
ते तिकडं मिर्झापूरच्या बाजूला खरं वाजतं.
आपली दुपार मागून येते."
म्हणजे इतकी वर्षं
मी दुसऱ्याच कुठल्या गावासाठी बाराचे टोले देत होतो.

बारा वीस. नखाएवढी.
बारा पंचवीस. खडूची रेघ तिच्याहून जाड.
मग नव्हतीच.
दगडांच्या फटीतून वाकून पाहिलं, तर
नळाच्या तळाशी उन्हाचा एक रुपया पडलेला, गोल, कोरा.
पाण्याच्या टाकीचे पाय नुसतेच उभे,
विजेचे खांब नुसतेच उभे,
कूलर लावून झोपलेलं अख्खं गाव बिनसावलीचं
आणि पाहायला आम्ही दोघं, तिसरा कुत्रा.
सावली कोठे गयी वं? मी विचारलं. कुजबुजतच, का कोण जाणे.
तिनं उत्तर दिलं नाही. वही गुडघ्यावर, घाम अक्षरांवर,
आकडे लिहिताना हात थरथरत होता.

मी गेलो आणि घंटेवर एक टोला दिला.
रिकाम्या शाळेत तो बराच वेळ फिरत राहिला.

परत आलो तर नळाच्या उगवतीकडे
मुंगीएवढं काळं काहीतरी निघालं होतं.
"जुलैत पुन्हा एकदा येईल," ती चिखल खरवडत म्हणाली,
"पण तेव्हा ढग असतील."

ढग होते.

पंधरा ऑगस्टला मी दोरी ओढली, फुलं पडली,
मागे सरून सलामी दिली,
खांबाला एकटं वाटू नये म्हणून
दोन अंश बोरीकडे कलून.
हेडमास्तरांनी पाहिलं नाही. पाहुण्यांनीही नाही.
दहावीच्या रांगेत तिसरी मुलगी
ओठ घट्ट मिटून उभी होती,
खांदे हलत होते.