सहा मिनिटं

मॉर्गनटाउनच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर
तीस मीटरचा बोळ आखलाय,
दोन टोकांना दोन नारिंगी शंकू.
व्हर्लिन स्टिल्टनर, वय एकसष्ट,
अठ्ठावीस वर्षं कोळशाच्या पोटात.
आज फक्त चालायचं.

"जमेल तेवढं. धावू नका. बोलू नका."
कोरीन घड्याळ दाबते.
बोटावरच्या चिमट्यात लाल उजेड,
मागे नळकांड्याची चाकं कुरकुरत.
छातीत कुणी वाळूचं पोतं फरफटत नेतंय
असा आवाज.

पाचव्या खेपेला तो थांबतो.
दम लागून नाही.
चारशे बाराचं दार अर्धं उघडं,
आत त्याच्या शेवटच्या पाळीतला पोरगा,
चौतिसाव्या वर्षी नाकात नळ्या.
बोलायची मनाई एकालाच,
पण दुसराही बोलत नाही.
खाणीत डोक्यावरच्या दिव्यानं 'थांब' म्हणतात
तशी पोराची मान हलते,
डावीकडे, उजवीकडे.

घड्याळ मात्र थांबवायचं नसतं, तसा नियम आहे.
बेचाळीस सेकंद.

एकूण दोनशे चौतीस मीटर.
थांबण्याचं कारण: दम, पाय, छाती, इतर.
कोरीन 'इतर'वर खूण करते.
पुढे लिहायला बोटभर रेघ.
ती पेनाला टोपण लावते
आणि त्याच्यासाठी पाणी आणायला जाते.