दुरुस्तीला आलेले टीव्ही

आमच्या घरी टीव्ही नव्हता, टीव्ही होते.
मल्हारगंजात, 'मुळ्ये रेडिओज'च्या मागच्या खोलीत,
पाठी उघड्या टाकून रांगेनं बसलेले,
प्रत्येकाच्या बटणाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
स्नेहलतागंज, वकीलसाहेब, चित्र लोळतं.
लोधीपुरा, जैन, आवाज नाही.
छावणी, मिसेस फ्रान्सिस, सगळे हिरवे दिसतात.

आणि दर गुरुवारी रात्री नऊला
त्यातल्या त्यात जो बरा असेल त्याच्यावर
'सक्सेना ऑर्केस्ट्रा'.

म्हणून ती मालिका मला सलग आठवतच नाही.
आठवतो हिरवा भाग,
ज्यात हिरवे सक्सेनासाहेब पोस्टातून घरी येतात
आणि टायसुद्धा न सोडता
अकॉर्डियन गळ्यात अडकवतात.
लोळणारा भाग, ज्यात कांगो वाजवणारी त्यांची बायको
खाली बुडते, वरून परत येते,
हात काही थांबत नाहीत.
एक भाग नुसताच ऐकलेला:
काळ्या काचेआड घरमालक ओरडतो,
बशी फुटते, सगळे हसतात.
का हसले, यावर उल्का आणि मी
अजून भांडतो.

मुक्या भागांना आवाज आम्ही द्यायचो.
उल्का म्हणजे गाणारी थोरली,
मी एकटा दोन्ही गिटारवाले भाऊ,
आई दारात उभी राहून शेवेचा डबा वाजवायची,
रिकामा असला तरच.

सहा माणसांचं ते घर, स्वयंपाकघरात सराव,
भाडं थकलेलं, कुणाचं तरी लग्न ठरलेलं,
तेच लग्न मोडलेलं, आगाऊ घेतलेले पैसे खर्चून झालेले,
आणि कितीही जुंपली तरी
शेवटी एक गाणं.
आमच्याकडं तसं नव्हतं.
आमच्याकडची भांडणं उधारीची,
गुरुवार ओलांडून
पुढच्या महिन्यात जाणारी.

बाबा बघायचे नाहीत.
आमच्या पाठीमागं, सोल्डरच्या धुरात,
मान न उचलता एवढंच म्हणायचे,
"गिटारीला वायर नाही.
बिना वायरची वाजवून राहिलेत,
आणि तुम्ही ऐकून राहिलात."
खूप राग यायचा.
मग पुढचे कितीतरी गुरुवार
मला गाणं ऐकू येईना,
नुसतं ते गिटारीचं रिकामं भोक दिसायचं.

शेवटचा भाग लागला त्या आठवड्यात
बाबांनी नेमके सगळेच टीव्ही बरे करून टाकले होते.
खोलीत धुळीवर चौकोन उरले होते, सात की आठ.
सक्सेनांना कॅसेट कंपनी मिळाली
की साहेबांची कटनीला बदली झाली,
आम्हाला कधीच कळलं नाही.
शेजारी विचारायला जायची आईला लाज वाटली.
टीव्हीवाल्याच्या घरी टीव्ही नाही, असं कसं सांगणार.

परवा उल्का देवासहून आली.
भाजी निवडता निवडता म्हणाली,
त्या सगळ्यात धाकट्याचं नाव काय रे?
कुणाचं?
खंजिरीवाल्याचं. ज्याला एकही वाक्य नसायचं.
मी बोटं मोजली. पाच नावं आली.
सहावं बोट तसंच मिटलेलं राहिलं.

बाबांना आता ऐकू येत नाही.
कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून असतं,
कारण त्याचं सर्किट, त्यांच्या मते, भिकार आहे.
उल्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली,
कमरेइतकी उंची दाखवली,
हवेत खंजिरी हलवली,
भुवया उंचावल्या: नाव?

बाबा बघत राहिले.
मग खोलीला मोठा होईल अशा आवाजात म्हणाले,
"नाव नाही माहीत.
पण तेवढं एकटं पोरगं खरं वाजवायचं."

आम्ही दोघं गप्प.

"तुमची पाठ असायची माझ्याकडं.
जैनांचा मुका डबा मी इकडं लावून घ्यायचो.
आवाज नसला की हात दिसतात.
बापाचे खोटे, आईचे खोटे, सगळ्यांचे खोटे.
ते पोरगं मात्र...
त्याला बहुतेक कुणी सांगितलंच नव्हतं."

आणि टेबलावरच्या प्लास्टिकवर
दोन बोटांनी त्यांनी तो ठेका धरला,
चार-पाच वेळा, अगदी नीट,
मध्येच थांबून उल्काला म्हणाले,
जाताना शेव घेऊन जा,
लौंगवाली. देवासला तशी मिळत नाही.