गोणीवरचा जिल्हा

गोणीवर काळ्या शाईत सहा इंग्रजी अक्षरं,
त्यातलं शेवटचं ट्रकमध्ये घासून गेलेलं.
मॅनेजर वाचतो, नेवाला.
दुर्पदाकाकी विचारते, "न्हावेलीच्या फुडे काय गो ह्यां?"
शेडमधल्या अकरा बायका हसतात,
आणि बॉयलरची वाफ आमच्या हसण्यावरून जाते.

भूगोल मला सातवीपर्यंत होता.
नकाशात आफ्रिका पिवळी होती,
समुद्र निळा, आणि आमचं मातोंड
छापायला जागाच नव्हती.
परवा मुलीनं फोनवर शोधून दाखवलं:
हे बघ, हे पठार. तांबडी माती.
कडेला खोल उतार, खाली नदी,
नदीपलीकडे दुसऱ्यांचा देश.
काजूची झाडं वेडीवाकडी, फांद्या जमिनीला टेकलेल्या,
आणि बायका पिवळे कॅन घेऊन उतरताहेत पाण्याला,
कारण पठारावर पाणी ठरत नाही.
मी म्हटलं, थांब गं जरा, मोठं कर ते.
हा तर आपला सडा.
फक्त जांभा कुणी चिरून नेला नाही अजून.

लोकसंख्या किती, ते मला ठाऊक नाही.
पण बी मोजता येते.
किलोला साधारण दोनशे, गोणी ऐंशी किलोची.
म्हणजे सोळा हजार वेळा
कुणीतरी झाडाखाली वाकलं,
बोंडू पिळून बी वेगळी केली,
आणि उभं राहताना कमरेवर हात ठेवला.
मी ती सोळा हजार वेळा फोडते.
पाय खाली, हात वर, पाय खाली, हात वर.
अख्खा गर निघाला तर दोनशेचाळीस नंबर,
मोडला तर पाकळी, चुरा झाला तर माझी चूक.

आम्हा दोघींच्या मधे बरीच माणसं आहेत.
तिथली सोसायटी, तिथला लिलाव, बंदरावरचा वजनवाला,
बोट, परत बंदर, परत वजनवाला,
आणि शेवटी आमचे शेट, पांढऱ्या गाडीतून.
तिथल्या शेतकऱ्यांनी भाव पटेना म्हणून
पंधरा दिवस माल अडवला,
तेव्हा इथं बॉयलर गार पडला होता.
शिमग्याला उचल मागायला गेलो
तर शेट म्हणाले, बोट लागू दे.
मी त्या अडवणाऱ्यांना मनात शिव्या दिल्या.
मग वाटलं, बरं केलं.
मग चुलीवर भात ठेवताना परत शिव्या दिल्या.

गोणीतून काय काय निघतं.
खडे, गोगलगायीचं कवच, वाळलेली मुंगी,
एकदा निळं बटण, चार भोकांचं, दोऱ्यासकट.
ते मी फेकलं नाही.
कशाला लावलंही नाही.
माझ्या मशीनच्या फळीवर, खिळ्याशेजारी असतं.
मॅनेजरनं दोनदा विचारलं, कुणाचं?
सांगितलं, शर्टाचं.

रेशनच्या मशीनला माझा अंगठा दिसत नाही.
काजूच्या चिकानं रेषा खाल्ल्या,
राख लावली, खोबरेल लावलं, तरी खाल्ल्या.
दुकानदार म्हणतो, पुसून ठेवा, परत ठेवा, दाबून ठेवा.
चौथ्यांदा म्हणतो, मुलीला घेऊन या.
रांगेत उभी राहून मी विचार करते,
तिथं घरापुरती बी विस्तवावर भाजणारी
असेलच ना कुणी.
तिला कुठं अंगठा द्यावा लागत असेल?
आणि तिथला दुकानदार काय म्हणत असेल,
कुठल्या भाषेत?

मे महिन्यात रिकाम्या गोण्या काकी घरी नेते,
विसाला एक.
अंगणात पसरून त्यावर भिरंडीच्या बिया वाळत घालते.
लाल पाणी गोणपाटात उतरतं,
अक्षरं आधी गुलाबी दिसतात, मग तपकिरी.
काल तिच्याकडे गेले तर एक कोंबडी
पठारावरून नदीपर्यंत चालत गेली
आणि नदीपलीकडचं काहीतरी टिपून परत आली.
मी बघत राहिले.
पडवीतून काकी ओरडली,
"उचल गो तुझो जिल्हो. मळब इला."