झाकली मूठ, एकोणपन्नास झ्वोटी

आमच्या शहराचं नाव नाव.
म्हणजे होडी. वुच.
नदी मात्र विचारत शोधावी लागते;
गिरण्यांच्या काळात तिला जमिनीखाली घातली
आणि होडी राहिली वर, कोरडी,
विटांच्या धुराड्यांत अडकलेली.

या होडीच्या तळाशी आमचं दुकान.
बटणं, नाड्या, लेस, इलास्टिक
आणि गुस्ताव, माझा थोरला भाऊ.
कुठे कारखाना मोडीत निघाला
की हा व्हॅन घेऊन दारात हजर.
"तेओडोरा, फुकटात मिळाल्या!"
त्या फुकटातल्या कोंबड्या चौदाशे.
प्लास्टिकच्या, पिवळ्या,
अंडं उकडायची मिनिटं मोजणाऱ्या.
मान पिरगाळली की टिकटिक, शेवटी किणकिण.
बारा वर्षांत खपल्या एकतीस,
त्यातल्या दोन मीच घेतल्या.

शिवाय कुठल्याशा संपलेल्या स्पर्धेचे मफलर,
वर्ष ठळक विणलेलं, लपवता न येणारं.
शिवाय हातमोजे, आठ पेट्या,
सगळे डावे.

युक्ती शेजारच्या झेरॉक्सवाल्या लेस्याची.
ती खारकीवहून दोन बॅगा घेऊन आली,
आत काय ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.
म्हणाली, "सांगूच नका आत काय आहे.
सांगता, म्हणून तर कुणी घेत नाही."
तिनंच फोटो काढला: बंद खोका, वर प्रश्नचिन्ह.
तिनंच तो चढवला ऑनलाइन बाजारात.
आयुष्यातली माझी पहिली जाहिरात
जिच्यात मी खोटं बोलले नाही,
खरंही नाही.

पहिल्या रात्री सहा गेले.
शुक्रवारपर्यंत दोनशे.
काचेमागे बारा वर्षं बसलेली कोंबडी
दिसेनाशी झाली, आणि लोकांना हवीशी झाली.

मी रात्री खोके भरते.
एक कोंबडी, एक डावा, थोडी लेस,
आणि एक तरी वस्तू अशी
की देताना हात जरा अडावा.
हा नियम माझा. लेस्या हसते.
गुस्ताव हसत नाही,
तो पाठीमागून मोजतो.

पोझनानहून आलं: "कोंबडी. का?"
एक तारा.
ओल्श्टिनच्या एका मास्तरीणबाईंनी डावे मोजे
उरलेले सगळे मागवले,
वर्गात तेवीस बोलक्या बाहुल्या झाल्या म्हणे.
कायद्यानं चौदा दिवसांत परत करता येतं,
पण कोंबडीपेक्षा टपाल महाग;
पदरी पडलं, पवित्र झालं.

आणि राडोमची एक बाई.
दर महिन्याला एक खोका.
पाच तारे, शब्द एकही नाही.
तिच्यासाठी मी निवडून भरायला लागले,
कुणासाठी ताट वाढावं तसं:
हिरवी रेशमी रिळं, शिंपल्याची बटणं,
एकदा तर आमच्या काउंटरवरची चांगली कात्री.
कोंबडी मात्र प्रत्येक वेळी.
म्हणजे तिच्या घरात आता
त्या अकरा असणार.

मार्चमध्ये तिचा खोका परत आला.
पार्सलच्या कपाटात मुदतभर पडून,
कुणी नेला नाही. चिकटपट्टी जशीच्या तशी.
मी तिला दोन ओळी लिहिल्या,
मग एक ओळ.
मग लेस्या म्हणाली, "राहू द्या."

तो खोका मला पुन्हा यादीत चढवता येईना,
उघडताही येईना.
बटणांच्या वरच्या फळीवर ठेवला,
इलास्टिकशेजारी,
आमच्या दुकानातली एकुलती एक वस्तू
जिच्यावर किंमत लिहिलेली नाही.

आज गुस्ताव शिडी चढला,
कंबरेचं ऑपरेशन झालेला माणूस.
खोका काढला, कानाशी धरून हलवला.
"काय आहे यात?"
आठवत नाही, मी म्हटलं.
आठवत होतं.
त्यानं आणखी एकदा हलवला, हळू,
झोपलेल्याला उठवावं तसा.
मग पाकीट काढलं, पन्नासची नोट
गल्ल्यावर सपाट करून ठेवली,
आणि उरलेला एक झ्वोटी मिळेपर्यंत
हात पुढे करून उभा राहिला.