तळवे

हम्बार्झुम म्हणतो, तळवे बाहेर फिरव.
फिरवते. दंडाच्या आतली शीर
कोपरापाशी चटका देते,
तोनीरचा काठ लागावा तसा.

वीस वर्षं वाकून लवाश थापली मी.
खांद्यांना पुढचाच रस्ता पाठ.
मागे काय आहे, त्यांनी कधी विचारलं नाही.

रिंगांवर उलटी होते, पाय मागे सोडते.
छत, मग भिंत, मग खडूने पांढरी चटई.
अंग आडवं. कोपरं सरळ.
एक. दोन.
तिसऱ्याला डावा खांदा कानाकडे पळतो
आणि मी खाली.

"हिसकू नकोस," तो म्हणतो,
"सांधा उसना मागायचा. रोज थोडा."

वनाद्झोरचा बर्फ वितळेतो
नुसती लटकत राहिले, हात पाठीमागे,
खाटकाकडच्या मेंढीसारखी. पोरं हसली.

आजही तीनच आकडे.
पण सकाळी बेकरीत
एप्रनची गाठ माझी मीच मारली,
पाठीवर, वर, मानेच्या जरा खाली.
नाझेली सवयीने मागे येऊन उभी,
दोन्ही तळवे पुढे,
आणि बांधायला काही नाही.