दुसरी किल्ली

पतसंस्थेच्या तिजोरीला दोन कुलपं.
एक किल्ली अध्यक्षाच्या कमरेला,
दुसरी माझ्याकडं, विडीच्या सुपात.
सूप हललं की तंबाखूखाली वाजायची.

राजमोगली येमूल तेव्हा अध्यक्ष.
आख्ख्या साखर पेठेत तेवढा सरळ माणूस नव्हता.
स्वतःचे दोन माग विकून
संस्थेचं पहिलं भाडं भरलेलं त्यानं.
म्हणून त्या रात्रीचं सांगायला जड जातं.

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आग.
नागेश चिलका सिव्हिलला, अर्धा भाजलेला,
पुण्याला न्यायचा तर पैसे आत्ता.
बारा वाजून गेलेले. राजमोगली दारात:
"बालामणी, किल्ली दे की. कशाला उशीर करालीस?"

मी म्हणाले, पाच सह्या.
तो म्हणाला, "मी अध्यक्ष आहे."
मी म्हणाले, म्हणूनच.

बघत राहिला नुसता.
शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
मग स्कूटरला किक मारली.
दत्त नगर, कन्ना चौक, विडी घरकुल,
एकेकाला झोपेतून उठवत फिरला.
पाचवी सही पावणेतीनला. पेन संपलेलं,
अंबुबाईनं अंगठा काजळात बुडवला.

नागेश वाचला. उजव्या हाताची बोटं गेली.
डॉक्टर म्हणाले, उशिराचा काही संबंध नाही.
त्याची बायको अजून मला बघून रस्ता ओलांडते.
तिचं चुकतं असं मी म्हणत नाही.

धोटा कितीही जोरात पळो,
काठाशी आला की वळतो.
न वळता सुटला
तर चादर राहते बाजूला,
शेजारच्या मागावरच्याचा डोळा जातो.

पुढच्या सभेत राजमोगलीनं स्वतः
इतिवृत्तात लिहून घेतलं:
'खजिनदाराने अध्यक्षाला किल्ली नाकारली.'
खाली त्याचीच सही, तेलुगूत.

तो गेल्यावर दुसरा आला.
निवडूनच आला, चांगल्या दीडशे मतांनी.
भर दुपारी, गळ्यात हार तसाच,
मागं चार पोरं, एक मोबाइल धरून.
"आता दोन किल्ल्या कशाला, अक्का?
लोकांनी मला निवडलंय. लोक म्हणजे मीच की."

मी हातातली विडी पुरी केली, दोरा गुंडाळला.
जुनी वही काढून पुढं सरकवली.
म्हटलं, वाच.
चांगल्या माणसाला नाही म्हणून झालंय माझं.
तुला म्हणायला काय लागतंय?

पोरगं मोबाइल धरून तसंच उभं.
त्यानं मराठी ओळ वाचली, हसला.
मग खालची सही.

तेलुगू त्याला येत होतं.